देवस्थळीबाई, मी आणि पाच मात्रांचा बास्क नाच

मी वसई सोडली त्या दुपारी आमच्या आळीत एकही जीव घरात राहिला नाही. माणसं आली, कोंबड्या आल्या, शेजारच्यांचा लंगडा कुत्रा रिक्षाच्या पुढे झोपून रस्ता अडवत होता. एका मावशीने तळलेल्या गोड फुग्यांचा एवढा मोठा डबा दिला की विमानतळावरच्या तपासनिसाने तो उघडला, वास घेतला आणि माझ्या पासपोर्टकडे न बघताच शिक्का मारला. सगळे रडत होते. पप्पा तेवढे अंगणातल्या खुर्चीतून उठले नाहीत. आयुष्यभर त्यांनी चर्चच्या गायकवृंदात आणि गावच्या लग्नांत व्हायोलिन वाजवलं आणि मलाही त्यांनीच शिकवलं. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "बस्त्याव, कुठेही वाजव. फक्त जेवणाऱ्यांपुढे वाजवू नकोस. माणूस चावत असला की त्याचे कान बंद असतात."

आणि मी सरळ दुबईला येऊन एका पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत उभा राहिलो. तेव्हापासून आजपर्यंत मी फक्त जेवणाऱ्यांपुढेच वाजवलंय. ब्रंच, हाय-टी, बुफे. चीजकेक चावणारे, खजूर चावणारे, एकमेकांचं डोकं चावणारे. पप्पा गेले त्या सकाळीसुद्धा मी ऑम्लेटच्या काउंटरशेजारी वाल्ट्झ वाजवत होतो आणि माझा फोन स्टाफच्या लॉकरमध्ये वाजत होता.

तुम्ही तिकडे राहिलेले लोक मला विचारता, काय रे, मजा आहे ना तिकडे? आणि तुम्ही इकडे आलेले लोक काहीच विचारत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. म्हणून दोघांनाही एकदाच सांगतो. आमच्या लॉबीतला एसी असा आहे की कारंज्यातून वर जातं ते पाणी असतं आणि खाली येतात त्या गारा. बाहेर उन्हाळ्यात असं तापतं की बसस्टॉपवर व्हायोलिनच्या पेटीतली, गजाला लावायची राळ वितळून माझ्या काळ्या सुटावर सांडली आणि त्या दिवशी मी खुर्चीला चिकटलो तो ड्यूटी संपेपर्यंत उठलोच नाही. मॅनेजर म्हणाला, काय कमिटमेंट आहे! शहर चकचकीत, माणसं चकचकीत, 'हबीबी' म्हणत खांद्यावर हात टाकणार आणि दुसऱ्या दिवशी नाव विसरणार. मी या शहराला इतक्या शिव्या घातल्यात की त्या एकावर एक रचल्या तर इथल्या सगळ्यात उंच इमारतीला सावलीत बसावं लागेल.

पण या शहरापेक्षाही माझा खरा वैरी पियानोवर बसतो. चारुलता देवस्थळी. मुक्काम अल बर्शा, मूळ पुणे. यजमान जबल अलीला गोदामांच्या कंपनीत साहेब. बाईंनी पियानोच्या सगळ्या परीक्षा दिल्यात आणि सगळी सर्टिफिकेटं फ्रेम केलीत. त्यांच्या घरी भिंत दिसत नाही असं त्यांचे यजमानच सांगतात. त्या कागदाबाहेर एक सूर वाजवत नाहीत. कागदावर माशी मेली असेल तर माशीसुद्धा वाजवतात.

आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतोय, तेही वाजवता वाजवता, ओठांवर हसू ठेवून, शुद्ध मराठीत. समोरच्या पाहुण्यांना वाटतं की आम्ही एकमेकांना दाद देतोय.

"अहो लोपीस," बाई गोड हसून म्हणणार, "तुमचा वरचा सूर शारजाहून निघालाय वाटतं. अजून पोचला नाही."

"ट्रॅफिक आहे, मॅडम," मी मान डोलावत सांगणार. "पुढे तुमचा डावा हात बंद पडलाय."

असं आमचं बरं चाललं होतं. मग हॉटेलला नवे जनरल मॅनेजर आले. उंची इतकी की झुंबराखालून वाकून जायचे. भुवया इतक्या दाट की एखादं कबुतर तिथे संसार थाटेल. स्पेनहून आलेत एवढं ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यावर उभे राहिले, म्हणून आपुलकी दाखवायला मी एक स्पॅनिश धून छेडली. साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. म्हणाले, मी स्पॅनिश नाही, मी बास्क आहे.

बास्क म्हणजे काय ते त्यांनी उभ्या उभ्या ऐकवलं. स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरात राहणारे लोक. भाषा स्वतःची, जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही. नाच स्वतःचे, सूर स्वतःचे.

"म्हणजे तुमच्यासारखेच," मी बाईंना हळूच म्हणालो. "कुणाशी नातं नाही आणि त्याचाच अभिमान."

"आणि तुमच्यासारखे," बाई पियानोवरून नजर न काढता म्हणाल्या, "विचारलं नसताना बोलणारे."

खरी बातमी त्या आठवड्याच्या शेवटी कळली. खानपान विभागाच्या प्रमुखाला एक यंत्र हवं होतं. स्वतःच वाजणारा पियानो! माणूस नाही, काही नाही, पट्ट्या आपोआप खालीवर होतात, जणू कुणी मेलेला वादक ड्यूटीवर आलाय. त्याला व्हिसा नको, जेवण नको, सिक लीव्ह नको आणि तो मराठीत भांडतही नाही. आमचं काँट्रॅक्ट संपत आलंच होतं. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर नोटेशनची पानं टाकली.

व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेली एक रचना होती ती. त्यांच्या भागातल्या कुणा संगीतकाराने गावच्या नाचाच्या सुरांवरून बांधलेली. साहेब म्हणाले, "माझी आई येतेय. जन्मभर हा नाच नाचलीय. तिच्यासाठी शुक्रवारी हाय-टीला हे वाजवा. नीट वाजवा. मग आपण काँट्रॅक्टबद्दल बोलू."

आता तिकडच्यांना हे कळावं म्हणून स्पष्ट लिहितो. माझा व्हिसा हॉटेलच्या गळ्यात आणि माझ्या बायकोमुलीचा व्हिसा माझ्या गळ्यात. हॉटेलने मान झटकली की आम्ही तिघंही खाली. मुलीचं, रियाचं, दहावीचं वर्ष. घराची चावी, शाळा, बायकोचं केकचं छोटंसं काम, सगळं खलास. देवस्थळीबाईंचं काय जाणार होतं? त्यांचा व्हिसा यजमानांकडे. त्या नुसत्या घरी बसल्या असत्या आणि सर्टिफिकेटं पुसत राहिल्या असत्या. म्हणून त्यांचा मला त्या आठवड्यात जास्तच राग आला.

घरी रियाला सांगितलं तर मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणाली, "डॅड, जस्ट प्ले व्हॉट ही वॉन्ट्स. हाऊ हार्ड कॅन इट बी?"

हाऊ हार्ड? पोरी, तो नाच पाच मात्रांचा होता!

माणसाला पाय दोन. दोनाचं कूच होतं, तीनचा वाल्ट्झ होतो, सहामध्ये आमची अख्खी वसई नाचते. पाच कशासाठी? पाचव्या मात्रेला एक पाय हवेतच राहतो. मी वाजवायला लागलो की सहावी मात्रा आपोआप यायची, दारातून पाहुणा यावा तशी. रिकाम्या बँक्वेट हॉलमध्ये दुपारी आमची तालीम चालायची आणि बाईंचा फोन पियानोवर मात्रा मोजत टिकटिक करत असायचा.

"पाच, लोपीस! पाच! एक, मग दोन, मग दोन. झपतालाचा अर्धा तुकडा उलटा धरा, इतकं सोपं आहे."

"मॅडम, आम्ही झपताल धरत नाही. आम्ही माणूस धरतो."

"माणूस? इथे कुठला माणूस? इथे कागद आहे. कागदावर पाच लिहिलंय."

भांडण इथेच होतं. माझ्या पप्पांनी मला कधी टिकटिक ऐकवली नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. पप्पा मिरवणुकीच्या पुढे, तोंड मागे करून, उलटे चालत वाजवायचे. का? तर बायकांचे पाय दिसावेत म्हणून. म्हातारी मागे पडली की सूर लांबवायचा. वाटेत खड्डा आला की लांबवायचा. ती पुढे आली की पुन्हा पकडायचा. मी त्यांच्या मागोमाग उलटा चालत हेच शिकलो. (आमच्या आळीत अशी गोष्ट सांगतात की पप्पा एकदा उलटे चालत चालत सूर न तुटता विहिरीत पडले आणि आतून वाजवत राहिले. मी ती खरी मानतो.) देवस्थळीबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे ताल वऱ्हाड्यांच्या सोयीने चालतो. छान."

तीन दिवस माझ्या स्वप्नात पाच पायांची कोंबडी आली. पण शुक्रवारपर्यंत मी तिला पाळलं. पाच म्हणजे पाच, डोळे कागदावर, टिकटिक डोक्यात.

शुक्रवारी लॉबी भरलेली. केक चावणारे आपापल्या जागी होते. साहेबांची आई आली, आणि मी सांगतो, हिच्या शेजारी साहेब म्हणजे गोगलगाय. काळा पोशाख, पांढरा अंबाडा, हातात काठी आणि नजर अशी की वेटरने न विचारता तिच्यासमोरची गुलाबाची फुलं उचलून नेली. आम्ही सुरू केलं. पियानोचं ते ठोके देणं, वर माझी नाचाची धून. पाच, पाच, पाच. चुकलो नाही. म्हातारीने कप खाली ठेवला.

मग ती उठली. काठी खुर्चीला लावून ठेवली, लॉबीच्या संगमरवरावर आली, दोन्ही हात कमरेजवळ, पाठ ताठ, आणि नाचायला लागली. वरचं अंग पुतळ्यासारखं, सगळा नाच गुडघ्याखाली. केक चावायचे थांबले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर लोक चावायचे थांबले!

आणि पाचव्या मात्रेला तिला उडी घ्यायची होती. मी बघितलं. गुडघा उचलला, पण वर येता येईना. मी कागद सोडला. पाय बघितला. आणि माझ्या गजाने माझी परवानगी न घेता सूर लांबवला, तिचा पाय खाली येईपर्यंत.

"पाच," बाई हसऱ्या ओठांतून फुसफुसल्या.

मी पुन्हा लांबवला.

"लोपीस! पाच! मी सोडून जाईन हं तुम्हाला!"

आणि गेल्या. पियानो पुढे, मी मागे, मध्ये ती म्हातारी. एका मात्रेचा तो खड्डा लॉबीतल्या प्रत्येक माणसाला दिसला असणार. म्हातारी थांबली. काठी घेतली आणि फरशीवर अशी आपटली की कारंजं दचकलं. मग त्या जगावेगळ्या भाषेत तिने मला झोडपलं. शब्द एकही कळत नव्हता, पण शिवी ही शिवी असते, ती भाषेशिवायही पोचते.

साहेब घाम पुसत इंग्रजीत सांगू लागले. "ती विचारतेय, थांबायला तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, त्यांचा पाय...

"ती म्हणतेय, आमच्या गावात वाजवणारा ज्या दिवशी नाचणाऱ्यासाठी थांबायला लागतो, त्या दिवसापासून त्या माणसाला बाकावर बसवतात. प्रेमाने बसवतात. पाणी आणून देतात. मग त्याला पुन्हा कुणी नाचायला बोलवत नाही. ती म्हणतेय, तू मला इतक्या लोकांसमोर बाकावर बसवलंस."

माझ्या अंगातून व्हिसा, काँट्रॅक्ट, रियाची शाळा, सगळं सरसर खाली उतरताना मला जाणवलं. शेजारून अगदी समाधानी आवाज आला, "सांगत होते ना मी? पाच."

तेवढ्यात म्हातारीची काठी पियानोकडे वळली. साहेबांनी नाइलाजाने भाषांतर केलं. "आणि ती म्हणतेय, पियानोवाली बाई वाजवत नाहीये, दुकानदारासारखी मोजतेय."

देवस्थळीबाईंचा चेहरा! माझं काँट्रॅक्ट जात असतानाही तो बघून मला जेवल्यासारखं वाटलं. सगळ्या फ्रेमा एकदम भिंतीवरून पडल्या. बाईंनी फोन उलटा केला, नोटेशनची पानं मिटली, बाह्या वर सारल्या.

"लोपीस," त्या म्हणाल्या, "या बाईला पळवायचं. मागे राहिलात तर बघा."

"तुम्ही पुढे तरी राहा, मॅडम. यल्ला, चला!"

दुसऱ्यांदा आम्ही जे वाजवलं ते भांडणच होतं. पण पहिल्यांदाच एका बाजूने. पाच मात्रा अशा घट्ट की त्यात सुई जाणार नाही. बाईंचा डावा हात दगडफेक करत होता. म्हातारी उडीला चुकली, शिवी घातली, पुन्हा उचलली, पुन्हा चुकली, आम्ही नाही थांबलो, ती धावत आमच्यात आली, एकदा, फक्त एकदा, उडी बरोबर पाचावर पडली आणि तिने आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की मी सूर तोडला असता तर तिने माझा पाय तोडला असता. संपल्यावर ती खुर्चीत कोसळली, धापा टाकत, लालबुंद. मुलाच्या कानात काहीतरी म्हणाली.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

साहेब म्हणाले, "सभ्य काही नाही." आणि पहिल्यांदा हसले.

पुढच्या आठवड्यात काँट्रॅक्ट झालं. दोघांचंही. ते मेलेलं यंत्रही आलं, पण स्विमिंग पूलशेजारी गेलं आणि आता ओल्या चड्डीतल्या पाहुण्यांना मनोरंजन पुरवतं. ज्या शहराला मी एवढ्या शिव्या घातल्या, त्याच शहरात आणखी राहायला मिळालं म्हणून मी मेट्रोच्या स्टेशनपर्यंत नाचत गेलो. पाच मात्रांत. पाचव्याला एका फिलिपिनो मुलीच्या पायावर पडलो. सॉरी, सॉरी, सॉरी. आणि तिथेच उभं राहून वसईला धाकट्या भावाला फोन लावला. पेद्रूला.

"दादा!" पेद्रू म्हणाला. "व्हिसा झाला? बरं झालं. फार बरं झालं."

फारच लवकर म्हणाला. मग भरभर बोलायला लागला. "इकडे आता तुला जमणारच नाही रे. पाण्याचे हाल बघ, रस्ते बघ, चहूकडे टॉवर. तू सुट्टीत ये ना. तुझी खोली तयारच असते. गीझर नवीन बसवलाय, खास तुझ्यासाठी."

हा पेद्रू. लहानपणी सुरमईच्या डोक्यासाठी त्याने माझ्या कपाळावर पाट हाणला होता, खूण अजून आहे. झोपायच्या जागेवरून आम्ही इतके भांडायचो की पप्पांनी मधोमध खडूने रेघ मारली आणि मग आम्ही रेघेच्या जाडीवरून भांडलो. आणि आता गीझर! मी स्टेशनच्या खांबाला टेकून विचार करत राहिलो. गेल्या सुट्टीत मला माशाचा मधला तुकडा मिळाला होता. प्यायला बाटलीतलं पाणी. लग्नाच्या मांडवात पोरं नाचत होती आणि मी उठलो तर सगळे म्हणाले, "काका, तुम्ही बसा ना, थकून आलात." खुर्ची आणली. रुमालाने पुसून दिली. मला ते तेव्हा प्रेम वाटलं. होतंही. पण त्या म्हातारीने डोळे उघडले हो माझे. माझ्या गावाने मला बाकावर बसवलंय आणि पाणी आणून दिलंय.

मी मुद्दाम कळ काढली. "पेद्रू, माझ्या खोलीत तुझ्या पोराचं व्यायामाचं मशीन ठेवलंयस म्हणे? कुणाला विचारून?"

मनात म्हटलं, ओरड. 'तुझी खोली? तू असतोस का इथे?' असं म्हण. पाट हाण.

"काढतो ना दादा," पेद्रू अगदी हळू म्हणाला. "आजच काढतो. सॉरी हं."

फोन ठेवला. कार्ड टॅप केलं. गाडीत उभं राहायला जागा होती तरी बसलो.

दुसऱ्या दिवशी लॉबीत पोचायला मला थोडा उशीर झाला. लांबूनच बाई दिसल्या, पियानोवर ताठ बसलेल्या, घड्याळाकडे बघत.

"अहो लोपीस, मोठं काँट्रॅक्ट मिळालं म्हणून आता आरती ओवाळून बोलवायचं का तुम्हाला? मी सुरू करतेय. यायचं तर या."

आणि त्या बाईने सुरू केलं. खरंच केलं. माझी पेटीसुद्धा उघडली नव्हती. मी धावलो, गज हातातून सुटला, उचलला, हनुवटीखाली व्हायोलिन अडकवत बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिसऱ्या ओळीत जाऊन घुसलो. त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "उशीर, आणि वर बेसूर." मला असं बरं वाटलं म्हणून सांगू, घरी आल्यासारखं.

पेद्रू, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, तुझी बायको मोठ्याने वाचून दाखवेल. गीझर राहू दे, थंडीत लागतो. पण ते मशीन काढलं असशील तर परत नेऊन माझ्या खोलीत ठेव. दाराच्या अगदी समोर, मला आत जाता येणार नाही असं. मी डिसेंबरात येतोय. अंगणातूनच ओरडायला सुरुवात करणार आहे. तू पण ओरड.